अकरा वजा दोन

“परत चुकला! गाढव आहे तो लेफ्ट गार्ड!”

मूळ वाक्य इंग्रजीत होतं. ‘गाढव’ तेवढं आमच्या घरातलं. परदेशात जन्मलेल्या नातवंडांचं मराठी कुठे टिकून राहील हे सांगता येत नाही, आमच्याकडे ते रागात टिकलं आहे.

ही गोष्ट २०२३ च्या सप्टेंबरमधली. ओहायो राज्यात कोलंबस शहराच्या एका उपनगरात माझी लेक राहते. सहा महिन्यांच्या मुक्कामाला मी तिच्याकडे गेले होते. दिवसभर घर रिकामं. संध्याकाळी पंधरा वर्षांचा नातू शाळेतून यायचा, “हाय आजी” म्हणायचा आणि तळघरात उतरायचा. तिथे टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर ‘मॅडन’ नावाचा फुटबॉलचा खेळ चाले. तो जेवायला वर येई तेव्हा त्याच्याशी बोलायला माझ्याजवळ दोनच विषय असत, भाजी कशी झाली आणि अभ्यास झाला का. दोन्हींना उत्तर एकच, “गुड.” तीन आठवडे असे गेल्यावर एका संध्याकाळी मी फरसबीचं ताट घेऊन तळघरात जाऊन बसले.

अमेरिकन फुटबॉल आपल्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवर ओझरता पाहिलेला असतो. शिरस्त्राणं घातलेली दांडगी माणसं एकमेकांवर कोसळतात, शिट्टी वाजते, सगळे उठतात आणि परत तेच. नाव फुटबॉल, पण पायाचा संबंध बेताचाच. मैदान शंभर यार्डांचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू पुढे नेण्याचे मार्ग दोन, फेकून किंवा पळून. नातवाला पळण्याचं वेड. क्वार्टरबॅक म्हणजे सूत्रधार. तो चेंडू पळणाऱ्याच्या पोटाशी देतो आणि पळणारा समोरच्या भिंतीतली फट शोधत सुटतो. या खेळात नातू म्हणजे तो पळणारा. बाकीची दहा माणसं संगणक चालवतो.

आणि ती फट कोण पाडतं? पाच जण. मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, त्यांच्या बाहेर दोन टॅकल. सेंटर चेंडू मागे देतो तेवढाच. एरवी या पाचांचा चेंडूशी संबंध येत नाही. त्यांनी समोरच्याला अडवायचं, तेही पकडायचं नाही. पकडलं तर दहा यार्ड दंड. छातीवर हात टेकून, पायांच्या जोरावर रेटायचं.

नातू मला बघून जरा अवघडला, पण खेळत राहिला. थोड्या वेळाने मी विचारलं, “त्या लेफ्ट गार्डने करायला काय हवं होतं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. बहुधा मी ‘अभ्यास झाला का’ विचारीन अशी त्याची अपेक्षा होती. मग त्याने एक बटण दाबून धरलं आणि पडद्यावर रेघा उमटल्या. प्रत्येक खेळाडूच्या पायातून एक रेघ निघाली होती. पळणाऱ्याच्या रेघेला बाण, अडवणाऱ्यांच्या रेघेला टोकाशी आडवी दांडी. मी साताऱ्याला एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. आकृती दिसली की माझा हात आपोआप खडू शोधतो. ताट बाजूला ठेवून मी खुर्ची पुढे ओढली.

पुढचे काही दिवस माझी शिकवणी चालली. मास्तर तो, विद्यार्थिनी मी. अडवण्याची कामं वाटून द्यायच्या मुख्यतः दोन पद्धती आहेत, असं मला समजलं. एकीला ‘झोन’ म्हणतात. ती त्याने पाच वेळा सांगूनही माझ्या डोक्यात शिरेना, शेवटी लग्नातल्या पंगतीने ती सोडवली. लग्नघरी वाढप्यांना काम देताना “मामांच्याकडे तू बघ, विहिणींकडे तू बघ” असंही सांगता येतं, किंवा “ही पंगत तुझी, इथे जो बसेल त्याला तू वाढ” असंही. झोन म्हणजे दुसरा प्रकार. पाचही जण एकाच दिशेने पाऊल टाकतात. समोर माणूस आला तर तो तुझा. कोणी आला नाही तर शेजाऱ्याला हात दे, आणि त्याचं भागलं की पुढे जाऊन मागच्या फळीतल्या लाइनबॅकरला गाठ. फट कुठे पडेल हे आधी ठरलेलं नसतं, ती पळणाऱ्याने ओळखायची. १९९८ साली डेन्व्हर संघाचा टेरेल डेव्हिस याच पद्धतीच्या रांगेमागून एका मोसमात २,००८ यार्ड पळाला. खेळाडूंच्या निवडीत त्याला सहाव्या फेरीपर्यंत कोणी विचारलं नव्हतं.

दुसरी पद्धत मला अधिक आवडली. तिच्यातल्या एका डावाचं नाव ‘पॉवर’. यात फट कुठे पाडायची ते आधीच ठरतं. समजा उजवीकडे. मग उजव्या बाजूचे गडी समोरच्यांना आतल्या अंगाला रेटतात, मागून आलेला एक जण सगळ्यात कडेच्या माणसाला बाहेर ढकलतो. दार उघडलं. आणि डावा गार्ड? तो आपली जागा सोडून एक पाऊल मागे येतो, सगळ्या रांगेच्या मागून पळत उजवीकडे जातो आणि त्या दारातून पळणाऱ्याच्या आधी शिरून लाइनबॅकरला गाठतो. तीनशे पौंडांचा गडी हे सगळं दोन-अडीच सेकंदांत करतो.

‘ट्रॅप’ हा प्रकार तर अस्सल बेरकी. समोरच्या एका दांडग्याला मुद्दाम मोकळा सोडायचा. त्याला वाटतं, आपल्याला वाट मिळाली. तो आनंदाने आत घुसतो आणि बाजूने गार्ड येऊन त्याला धडकतो.

एका रात्री मी कागद घेऊन बसले. दोन्हीकडे अकरा. त्यांतला क्वार्टरबॅक चेंडू देऊन मोकळा होतो, तो सहसा कुणाला अडवत नाही. पळणारा स्वतःला अडवू शकत नाही. म्हणजे अकरा वजा दोन, नऊ. समोर मात्र अकराच्या अकरा. तेव्हा सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं तरी दोन माणसं उरणारच. एखादा खूप मागे उभा असतो, त्याला तूर्त सोडता येतं. दुसरा मोकळाच. काही डावांत क्वार्टरबॅक त्या मोकळ्या माणसावर नजर ठेवतो, तो पळणाऱ्याकडे वळला की चेंडू न देता स्वतः घेऊन सुटतो. न अडवलेला माणूस दिसला की कुणीतरी चुकलं, असं समजायचं कारण नव्हतं. तो हिशेबातच होता.

दुसऱ्या दिवशी मी हे नातवाला दाखवलं. तो म्हणाला, “ओके, पण गार्ड तरीही चुकला.”

मी म्हटलं, “मघाचं परत दाखव. वरून. आणि सावकाश.”

या खेळात झालेला डाव मागे नेऊन कुठल्याही कोनातून पाहता येतो. आम्ही पाहिला. डावा गार्ड एक पाऊल मागे आला, वळला, रांगेमागून निघाला. त्याची वाट अगदी रेघेबरहुकूम होती. पण नातवाने चेंडू मिळाल्या क्षणापासून जोरात पळण्याचं बटण दाबून धरलेलं. गार्ड दारापाशी पोहोचायच्या आधीच हा दारातून आत, थेट लाइनबॅकरच्या मिठीत. गार्ड पाठोपाठ पोहोचला, पण तोवर अडवायला कुणी उरलंच नव्हतं.

“तो येईपर्यंत तू थांबला नाहीस,” मी म्हटलं.

तो काही बोलला नाही. पुढच्या डावात त्याने बोट बटणावरून उचलून ठेवलं, गार्डच्या पाठीला लागून गेला आणि सात यार्ड मिळाले. संगणक धुतल्या तांदळासारखा आहे असं नव्हे. कधी कधी त्याचा गार्ड समोरच्या माणसाला न शिवता शेजारून निघून जातो, ते मीही पाहिलं आणि माझ्याही तोंडून ‘गाढव’ निघालं. पण दहापैकी सहा-सात वेळा घाई नातवाचीच असे.

लेकीला मी हे कौतुकाने सांगितलं, तर ती गप्प झाली. “आई, तुला माहीत नाही का? तो शाळेच्या टीममध्ये लेफ्ट गार्डच आहे.”

मला माहीत नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला पळणारा व्हायचं होतं, प्रशिक्षकाने अंगकाठी बघून रांगेत उभं केलं. आई-बाबांना सामन्याला यायची त्याने बंदी केली होती. एकदा ती गेली होती. घरी आल्यावर “छान खेळलास” म्हणाली, तर तो म्हणाला, “मी काय केलं ते सांग.” तिला सांगता आलं नाही. ती पूर्ण वेळ चेंडूकडे बघत होती.

रोज संध्याकाळी तो कोणावर चिडत होता, ते मला त्या रात्री कळलं.

मी त्याला त्याबद्दल काही विचारलं नाही. त्याऐवजी पुढच्या शनिवारी जावयांना म्हटलं, मला कँटनला घेऊन चला. फुटबॉलपटूंचं स्मारक-संग्रहालय असलेलं कँटन गाव ओहायोतच आहे, गाडीने दोन तासांवर. आजच्या व्यावसायिक फुटबॉल संघटनेची स्थापना १९२० साली तिथल्या एका मोटारींच्या दुकानात झाली, म्हणून संग्रहालय तिथे. “आई, तुम्हाला तिथे काय बघायचंय?” जावयांनी विचारलं. नातू मात्र आधीच बूट घालून तयार.

तिथल्या दालनात ब्राँझचे अर्धपुतळे ओळीने मांडलेले आहेत. त्यांत जॉन मॅडन आहेत. ज्यांच्या नावाचा हा खेळ, ते स्वतः कॉलेजात टॅकल खेळत. गुडघा दुखावला आणि व्यावसायिक कारकीर्द सुरू व्हायच्या आतच संपली. पुढे ते ओकलंडच्या संघाचे प्रशिक्षक झाले, जानेवारी १९७७ मध्ये त्यांच्या संघाने सुपर बोल जिंकला. मग टीव्हीवर समालोचन. १९८४ च्या सुमारास संगणकावरच्या खेळाचा प्रस्ताव आला तेव्हा त्या काळच्या यंत्रांना बाजूला सहा-सातच खेळाडू झेपत होते. मॅडननी साफ सांगितलं, अकराच हवेत, त्याखेरीज हा फुटबॉल नाही. त्यापायी खेळ रखडला आणि १९८८ साली बाजारात आला. सहा-सातच ठेवायचे तर काढून कोणाला टाकलं असतं? पळणाऱ्याला नक्कीच नाही. २०२१ च्या डिसेंबरात मॅडन वारले.

पण मला दाखवायचा होता दुसराच पुतळा. जेरी क्रेमर, ग्रीन बे पॅकर्सचा उजवा गार्ड. ३१ डिसेंबर १९६७, उणे पंचवीस अंश सेल्सिअस थंडी, मैदान गोठलेलं, डॅलसविरुद्धचा सामना. सोळा सेकंद उरलेली, रेषा हातभर अंतरावर. क्रेमरने सेंटरच्या साथीने समोरच्या जेथ्रो प्यूला हलवलं आणि त्या फटीतून क्वार्टरबॅक बार्ट स्टार स्वतः चेंडू घेऊन घुसला. २१-१७. टीव्हीने तो डाव पुन्हापुन्हा, सावकाश दाखवला आणि एरवी कुणाला न दिसणारा गार्ड देशभर दिसला. पुढच्या वर्षी क्रेमरची रोजनिशी पुस्तकरूपाने आली, तिचं नावच ‘इन्स्टंट रीप्ले’. आणि इतकं होऊनही कँटनमध्ये त्याचा पुतळा बसायला २०१८ साल उजाडावं लागलं. तो तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा होता.

हे सगळं मी आदल्या दिवशी वाचून, टिपणं काढून गेले होते. शिक्षकाची सवय. नातवाने ऐकून घेतलं, पुतळ्यापुढे बराच वेळ उभा राहिला आणि परतताना गाडीत, खिडकीबाहेर बघत म्हणाला, “गुरुवारी मॅच आहे. आजी आली तर चालेल.”

मला सोडायला म्हणून लेक आली आणि माझ्याशेजारी बसून राहिली. थंडी पडू लागली होती, बाकं लोखंडी. चौसष्ट नंबर. “चेंडूकडे बघू नकोस,” मी तिला दर डावाला सांगत होते. पहिल्यांदा तो मागे येऊन वळला तो आपल्याच सेंटरच्या पायात अडखळला. दुसऱ्यांदा दारापर्यंत वेळेवर पोहोचला, पण पंचावन्न नंबरच्या लाइनबॅकरने त्याला पाठीवर पाडलं. माझ्या पोटात गोळा आला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो पुन्हा निघाला. या वेळी खाली वाकून, हात आत घेऊन गेला आणि पंचावन्न नंबर तीन पावलं मागे रेटला गेला. शेजारून त्यांचा पळणारा निघून गेला, बारा यार्ड. कर्ण्यावर पळणाऱ्याचं नाव पुकारलं. सगळे त्याच्यासाठी ओरडत होते. आम्ही दोघी भलतीकडेच बघत उभ्या होतो, लेकीने माझा दंड घट्ट धरला होता.

सामना ते हरले. गाडीत नातू सँडविच खात होता. अर्धं संपल्यावर म्हणाला, “थर्ड क्वार्टर पाहिलंस?”

“पाहिलं. पहिल्या वेळी फार चिकटून वळलास. दुसऱ्या वेळी उभाच राहिलास. तिसऱ्या वेळी वाकलास.”

तो चावायचा थांबला. मग पुढच्या सीटकडे बघून विचारलं, “आई, तू?”

“तीन पावलं,” लेक म्हणाली. “तीन पावलं मागे नेलास त्याला.”

थोडा वेळ कोणी बोललं नाही. “तो पंचावन्न कोण रे?” मी विचारलं. “फार दांडगा होता.”

“चांगलाय तो, आजी,” नातू म्हणाला. “नेक्स्ट इयर परत आहे तो.”