पावसाळ्यात नसणारा बंधारा

जुलै महिन्यात कोल्हापुरातल्या माणसाला राजाराम बंधारा आठवतो तो फुटांत आणि इंचांत. 39 फुटांवर इशारा पातळी, 43 फुटांवर धोका पातळी, आणि 2019 व 2021 च्या महापुरांत हाच आकडा 55 फुटांच्या पलीकडे गेलेला. कसबा बावड्याजवळचा हा बंधारा बातमीत येतो तो बहुतेक वेळा पाण्याखाली गेल्यावरच, त्यामुळे बाहेरच्याला वाटावे की बिचारा दरवर्षी हरतो. खरे तर पाण्याखाली जाणे हेच पावसाळ्यात त्याचे काम आहे. सरकारी कागदांत ज्याला के. टी. वेअर म्हणतात तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हाच. या शहराच्या नावाने गूळ आणि चपला जगभर गेल्या, तसा हा बंधारा राज्यभरच्या नद्यांवर गेला. त्याचे कौतुक मात्र पाटबंधारे खात्याबाहेर फारसे कुणी केले नाही. हल्ली मोठ्या इमारती, कारखाने, रुग्णालये चालवणाऱ्यांच्या बैठकांत देखभालीचा खर्च कसा उतरवायचा यावर पुष्कळ खल होतो आणि उत्तर बहुधा सेन्सर, स्वयंचलन किंवा कंत्राटदार यांपैकी एक निघते. त्या प्रश्नाला या बंधाऱ्याने आपले एक उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. ते कुठे बरोबर आहे आणि आपण ते कुठे बिघडवले, हे पाहण्यासारखे आहे.

आधी रचना. नदीच्या पात्रात भक्कम पाया घालून त्यावर सुमारे दोन-दोन मीटर अंतराने दगडी किंवा काँक्रीटचे खांब उभे करतात. दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे गाळा. खांबांच्या अंगात वरपासून खालपर्यंत उभ्या खाचा असतात आणि त्यांत आडवे बरगे एकावर एक बसवत नेले की गाळा बंद होतो. मूळ पद्धतीत हे बरगे लाकडी फळ्यांचे असत. त्यांच्या दोन रांगा समोरासमोर लावायच्या आणि मधल्या पोकळीत माती ठासून भरायची, म्हणजे फटींतून पाणी निसटत नाही. पुढे लोखंडी बरगे आले, मातीच्या जोडीला किंवा तिच्या जागी रबरी पट्ट्या आल्या. पण मूळ कल्पना बदलली नाही. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या सुमाराला बरगे घालायचे, नदीचा उरलेला प्रवाह अडवून काठोकाठ फुगवटा धरायचा, आणि मे महिन्याच्या अखेरीस बरगे काढून काठावर रचून ठेवायचे. जूनपासून चार महिने पात्रात नुसते खांब उभे असतात. वर स्लॅब टाकलेला असेल तर दोन गावांना पूल मिळतो, तो जवळपास फुकटात.

हा बंधारा स्वस्त का पडतो, याचे उत्तर खांबांत नाही, त्या चार महिन्यांत आहे. धरण बांधणाऱ्या अभियंत्याची झोप उडवतो तो पूर. शंभर वर्षांतून एकदा येणारे पाणी सुखरूप वाटेला लावता यावे म्हणून सांडवा, प्रचंड दरवाजे, ते उचलणारी यंत्रे, त्यांना वीज आणि विजेला पर्याय, असा सगळा पसारा लागतो. आणि एकदा उभा केला की वर्षातले साडेतीनशे दिवस बिनकामाचा असूनही तो सांभाळावा लागतो. कोल्हापुरी बंधाऱ्याने पुराशी भांडणच काढले नाही. पूर येईल तेव्हा वाटेत अडसर नसेल, एवढीच सोय केली. पुराबरोबर येणारा गाळही मोकळ्या गाळ्यांतून निघून जातो. लहान तलाव दहा-वीस वर्षांत गाळाने भरतात आणि मग गाळ काढण्याची योजना आखावी लागते, तो खर्च इथे बराचसा टळतो. फुगवटा नदीच्या काठांतच राहतो, त्यामुळे जमीन बुडत नाही, गाव उठत नाही, पुनर्वसनाची फाइल उघडत नाही. राधानगरी धरणाची व्यवस्था याच विचाराने पुढे गेली आहे. भोगावतीवरच्या या 8.36 टीएमसीच्या धरणाला कालवा नाही. पाणी नदीत सोडायचे, नदीनेच ते खाली न्यायचे, वाटेतल्या बंधाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने धरून ठेवायचे आणि शेतकऱ्यांनी उपसून घ्यायचे. ज्या प्रकल्पांना कालवे आहेत त्यांच्या अस्तरीकरणाचे, फुटलेल्या बांधांचे, शेवटच्या टोकाला पाणी न पोचल्याच्या तक्रारींचे ओझे पाहिले की कालवा नसणे ही केवढी बचत आहे ते कळते.

याच राधानगरीवर खर्च वाचवण्याची दुसरी, अगदी उलट्या स्वभावाची तऱ्हाही पाहायला मिळते. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेले हे धरण 1922 साली ते गेले तेव्हा अपुरेच होते आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. त्यांना मोटर लागत नाही, माणूसही लागत नाही. पाण्याचा दाब आणि दरवाजाला जोडलेले वजन यांचा तोल असा साधला आहे की जलाशयाची पातळी 347.50 फुटांवर गेली की दरवाजा आपोआप उघडतो आणि पातळी उतरली की आपोआप मिटतो. एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी बाहेर पडते. पहिला उघडतो तो बहुधा सहा नंबरचा, आणि त्याची बातमी कोल्हापुरात सणाची वर्दी दिल्यासारखी पसरते. मध्यरात्री कुणाला फोन करावा लागत नाही, कुणी चुकीचे बटण दाबत नाही. उलट डिसेंबर 2021 मध्ये याच धरणाचा यंत्राने चालणारा सेवा दरवाजा दुरुस्तीच्या कामात उघड्या अवस्थेत अडकला आणि ऐन हिवाळ्यात साठवलेले पाणी भोगावतीत वाहून गेले. ज्यात यंत्र नाही ते बिघडत नाही, असा निष्कर्ष यावरून कुणी काढेल. पण ती अर्धी गोष्ट झाली. स्वयंचलित दरवाजाला पातळी कळते, हवामानाचा अंदाज कळत नाही. पुढच्या चार दिवसांत अतिवृष्टी होणार आहे, तेव्हा आजच जागा करून ठेवू, असे त्याला सांगता येत नाही. 2019 नंतर धरणांतून आधीच पाणी सोडण्याचा वाद रंगला तेव्हा हीच अडचण पुढे आली. माणसाचा पगार वाचला, पण माणसाचा निर्णयही गेला. जिथे निर्णय एकाच मोजमापावर ठरतो तिथे ही बचत सोन्यासारखी. जिथे तारतम्य लागते तिथे ती महागात पडते.

बंधाऱ्याने हा सौदा वेगळा केला. त्याने वर्षातून दोनदा माणसांचे हात मागितले आणि बाकी काही मागितले नाही. मात्र हे दोनदा म्हणजे काय, ते जवळून पाहायला हवे. दोन मीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद असा एक बरगा पाण्याखाली तीन मीटरवर असेल तर त्यावर पावणेदोन टनांच्या आसपास दाब येतो. त्या दाबाने तो खाचेत असा आवळला जातो की ओढून निघत नाही. म्हणून बरगे वरून एकेक काढत पाणी उतरवत जावे लागते, आणि त्याला दिवस लागतात. वळवाने नदी अवेळी चढली की तळाचे बरगे अडकतात, त्यांवर ओंडके आणि काटक्या येऊन बसतात, आणि मग खांबांनाच धक्का पोचतो. 2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोचला होता. मेअखेर हा मुहूर्त धरून चालणाऱ्या व्यवस्थेला असे वर्ष म्हणजे परीक्षाच. घालतानाही तेच. उशीर झाला तर परतीच्या पावसाचे पाणी निघून जाते, घाई झाली तर तेच पाणी बंधाऱ्यावर चढते. आणि नीट बसले नाहीत तर? पातळीखाली अडीच मीटरवर एका गाळ्याच्या रुंदीभर फक्त दोन सेंटिमीटरची फट राहिली, तर तिच्यातून दिवसाला ढोबळमानाने दीड कोटी लिटरच्या आसपास पाणी निसटते. शहरी पाणीपुरवठ्याच्या माणशी 135 लिटरच्या हिशेबाने हे लाखभर लोकांचे एका दिवसाचे पाणी झाले. ही फट बुजवायला चिकणमाती आणि दोन माणसे पुरतात. हे काम ज्याने वेळेवर केले त्याचे नाव कुठल्याच कोनशिलेवर नसते.

इथेच व्यवस्था बिघडते. काठावर रचलेले लोखंडी बरगे म्हणजे भंगारवाल्याच्या दृष्टीने रोख रक्कम; त्यांच्या चोऱ्या होतात, हे राज्यात सगळीकडचे दुखणे आहे. उरलेले गंजतात, वाकतात, एका बंधाऱ्याचे दुसऱ्यावर नेले जातात आणि खाचेत बसत नाहीत. बांधकामाला निधी मिळतो, उद्घाटन होते. बरगे घालण्या-काढण्याची मजुरी मात्र किरकोळ खर्चात मोडते आणि अंदाजपत्रकाला कात्री लागली की पहिली तीच कापली जाते. काही हजार रुपयांच्या मजुरीसाठी कोट्यवधींचा बंधारा वर्षभर कोरडा उभा राहावा, हा प्रकार मराठवाड्या-विदर्भात इतक्या वेळा घडला आहे की ‘के. टी.’ हा शब्द तिथे थट्टेचा झाला. दोष पद्धतीला दिला गेला, वाचवायला नको होता तो खर्च वाचवणाऱ्याला कुणी बोलले नाही.

यावर अभियंत्यांचे एक उत्तर असते की बरगे हवेतच कशाला? उचलते दरवाजे बसवा, बॅरेज करा, बटण दाबले की काम झाले. लातूर भागात मांजरा नदीवर जुन्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या जागी बॅरेज उभी राहिली आणि परतीच्या पावसाचे पाणी शेवटच्या क्षणी अडवता येणे हा त्यांचा फायदा खराच आहे. जिथे नदी चार दिवस वाहते आणि आटते, तिथे ऑक्टोबरची वाट पाहणारा बंधारा उपयोगाचा नाही, हे मान्य करायला हवे. पण बॅरेजने देखभाल संपत नाही, ती फक्त मजुराच्या हातातून तंत्रज्ञाच्या हातात जाते. मोटर, तारदोर, गिअर, वीजजोडणी हे सगळे नदीच्या ओलाव्यात वर्षभर उभे असते आणि वापर वर्षातून मोजक्या वेळा होतो. बरगा मोडला तर एक गाळा गळतो. दरवाजाचे यंत्र अडकले तर अख्खा दरवाजाच अडकतो, आणि दुरुस्तीला माणूस जिल्ह्याबाहेरून येतो. ज्या खात्याला मातीसाठी दोन माणसे वेळेवर मिळवता आली नाहीत, ते खाते तेल-पाणी वेळेवर करील ही आशा मला जरा धाडसाची वाटते. कोल्हापूरच्या नद्यांना मागे धरणे आहेत, पाणी आवर्तनाने येते, तारखा आधी कळतात. इथे बॅरेजची निकड कमी आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. सरकारचा कालवा वाचला म्हणता, पण पाणी वर चढवण्याचा खर्च कुणी उचलला? शेतकऱ्याने, पंप घेऊन आणि विजेचे बिल भरून. हे खरे आहे. नदीकाठच्या उसाला पाणी मिळाले. ज्याची ऐपत नव्हती किंवा ज्याचे शेत उंचावर होते, तो सहकारी पाणीपुरवठा संस्थेत शिरला तरच तरला. म्हणजे खर्च कमी झाला त्याबरोबर त्याची जागाही बदलली, आणि कुणाचाही ताळेबंद हे दोन वेगळे करून दाखवत नाही. त्याहून वाईट हिशेब पाण्याच्या गुणवत्तेचा आहे. वाहती नदी स्वतःला थोडीफार धुऊन काढते. उन्हाळ्यात एकामागून एक फुगवट्यांत थांबलेल्या पंचगंगेत शहरांचे आणि उद्योगांचे सांडपाणी येऊन मिसळते, जलपर्णी माजते, आणि शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी जवळपास वार्षिक झाली आहे. यात बंधारा गुन्हेगार नाही, पण साक्षीदार म्हणून सोडूनही देता येत नाही. पाणी अडवण्याच्या खर्चात ते स्वच्छ ठेवण्याचा खर्च धरला नाही म्हणून बंधारा स्वस्त दिसतो. त्या मानाने पुराला बंधारे अडथळा करतात हा आक्षेप मला कमकुवत वाटतो. नदी बंधाऱ्याच्या माथ्यावरून कितीतरी फूट वर गेली की खाली बुडालेल्या खांबांचा परिणाम घटत जातो. रस्त्यांचे आडवे भराव त्याहून कितीतरी जास्त पाणी अडवतात. मध्यम पुरात मात्र गाळ्यांत अडकलेली झाडे वेळच्या वेळी काढली नाहीत तर तक्रार रास्त ठरते, आणि पुन्हा तेच, दोन-चार माणसांचे काम.

हे काम करणारा माणूस कुणाचा असावा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. धुळ्याकडे पांझरेच्या फड पद्धतीत बंधाऱ्याची आणि पाटाची राखण करणारे पाटकरी, जागल्या हे लाभधारकांनीच नेमलेले असत आणि त्यांचा मोबदला पिकातून निघे. पाणी ज्याच्या शेतात जाते त्याला फट दिसल्यावर कागद पाठवावा लागत नाही. 2005 च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना सिंचनाचे व्यवस्थापन देण्याची वाट मोकळी केली. पण त्या कायद्याचे डोके कालव्यावर चालते, नदीतून उपसणाऱ्यांचा बंधारा त्यात ओढूनताणून बसतो. कोल्हापुरात उपसा करणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्याकडे हिशेब आहेत, सभासद आहेत, पाणीपट्टी भरण्याची सवय आहे. बरगे घालण्याची आणि काढण्याची मजुरी पाणीपट्टीतूनच वेगळी काढून फुगवट्यावरच्या संस्थांच्या हाती द्यावी, बरग्यांची मोजदाद वर्षातून दोनदा त्यांच्यासमोर व्हावी, आणि बंधारा कोणत्या तारखेला भरला व कोणत्या तारखेला मोकळा झाला हे खात्याने प्रत्येक बंधाऱ्यावर लिहावे. पुराची पातळी तासातासाला सांगणाऱ्या यंत्रणेला वर्षातून एवढ्या दोन तारखा सांगणे जड नाही. मग बंधारा वेळेवर भरला नाही याचा जाब विचारायला गावकऱ्याला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागणार नाही, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात आभाळ भरून आले तर बरगे काढायला वरून पत्र येण्याची वाटही पाहावी लागणार नाही.