मालगुजारी वाडा : लाकडाचा सौदा की दुरुस्तीचा धंदा?

मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी या धानपट्ट्यातील मोठ्या गावांतून फिरताना मालगुजारी वाडे आजही दृष्टीस पडतात. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, समोर लांबलचक ओसरी, आत चौक, एका अंगाला धानाची कोठी, वर सागवानी पाटई आणि त्यावर कवेलू. काही वाड्यांत कुटुंब राहते, काहींत एखादी म्हातारी राहते, काहींना कुलूप आहे. कुलूप लागले की चार पावसाळ्यांत कवेलू सरकते, पाणी भिंतीत उतरते आणि मग वारसांना आपल्या व्यापारी बांधवांची आठवण होते. त्यांचा प्रश्न एकच असतो : लाकूड किती निघेल?

या सौद्याबद्दल आज आम्ही थोडे सविस्तर लिहीत आहोत. कारण त्यात लाकडाचे व्यापारी, सुतार, गवंडी, लोहार, ट्रकवाले असे आपलेच अनेक लोक गुंतलेले असतात. हिशेब चुकला तर एकट्या मालकाचे नव्हे, या सर्वांचे नुकसान होते.

वाड्यांचा इतिहास फार जुना नाही. चांद्याचे गोंड राज्य 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि 1853 मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्यानंतर 1860 च्या दशकात जमाबंदी झाली. सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराला तेव्हा गावाची मालकीच मिळाली. गाव, तलाव, पडीत, जंगल सारे त्याचे. जंगल घरचे, मजूर गावचे, आणि पुष्कळदा ते मजूर वेठबिगारीचे. म्हणून वाड्यात असे खांब दिसतात की आज त्या घेराचे लाकूड विकत घ्यायचे तर मोठ्या ठेकेदारालाही विचार करावा लागेल. वाड्याचे कौतुक करताना ते कोणाच्या घामावर उभे राहिले हेही लक्षात ठेवलेले बरे.

दक्षिणेकडे मालगुजारीऐवजी जमीनदारी होती. त्यांत आत्राम घराण्याची अहेरी जमीनदारी चांदा जिल्ह्यात सर्वांत मोठी, अडीच हजार चौरस मैलांहून अधिक. आलापल्लीचे प्रसिद्ध सागवान याच मुलखातले. तेथील जुन्या वृक्षांचा एक तुकडा 2014 मध्ये राज्यातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. त्या जातीचे लाकूड आज पाहायचे तर एक ते जंगल आणि दुसरे हे वाडे.

पुढे 1950 चा मालकी हक्क निर्मूलन कायदा आला आणि 31 मार्च 1951 पासून अमलात आला. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होता. गाव, जंगल व तलाव सरकारजमा झाले, पण राहते घर, आवार व घरच्या शेतीची जमीन जुन्या मालकाकडे राहिली. वाडा वाचला, पण वाड्याला पोसणारे उत्पन्न गेले. शंभर खंडी धान साठवणारी कोठी रिकामी झाली आणि कवेलू फेरण्याचा खर्चही जड वाटू लागला. वाडे आज पडत आहेत त्याची सुरुवात तेथे आहे.

आता सौद्याकडे वळू. समजा दहा फुटी खांब आहे, आठ इंच बाय आठ इंच. दहाला चौसष्टने गुणून एकशे चव्वेचाळीसने भागले की साधारण 4.44 घनफूट येते. विकणारा हाच आकडा धरतो. पण खांबाचे बूड ओलीने व उधईने खाल्लेले असते, तेथे दीड फूट कापावे लागते. वरच्या कुसवाचे अर्धा फूट जाते. उरलेल्या आठ फुटांचे पृष्ठ साफ केले की सात बाय सात इंच राहते. म्हणजे हाती आले 2.72 घनफूट. चाळीस टक्क्यांच्या आसपास माल तेथेच गेला. शिवाय जुन्या लाकडात खिळे दडलेले असतात. एक खिळा आरागिरणीचे पाते तोडतो, म्हणून गिरणीवाले असे लाकूड खुशीने घेत नाहीत. उतरवण्याची मजुरी, गाडीभाडे आणि मातीचा ढिगारा हलवण्याचा खर्च धरला की नफा वाटला होता त्याहून बराच लहान निघतो.

याहून मोठी अडचण कायद्याची आहे. आपले अनेक बांधव समजतात की वाड्याचे लाकूड म्हणजे घरसामान, त्याचा जंगलखात्याशी काय संबंध? संबंध आहे. 1927 च्या भारतीय वन कायद्यात इमारती लाकडाची व्याख्या इतकी व्यापक आहे की तासलेले, घडवलेले, कोरलेले लाकूडही तीत येते. त्याच कायद्याच्या कलम 69 नुसार वाद उभा राहिला तर उलट सिद्ध होईपर्यंत माल सरकारचा मानला जातो. म्हणजे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्या गाडीत माल आहे त्याच्यावर. चंद्रपूर-गडचिरोलीत तर जागोजागी वनखात्याचे नाके. तेव्हा एकही तुळई उतरवण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज करावा, जागेवर मोजणी व पंचनामा करून घ्यावा आणि वाहतुकीबाबत जे सांगतील ते कागदावर घ्यावे. उभ्या वाड्याचे फोटो व ग्रामपंचायतीचा दाखला सोबत ठेवावा. तोंडी "काही होत नाही" हा शब्द नाक्यावर चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशापासून आरागिरण्यांवरही कडक बंधने आहेत. विनापरवाना गिरणीत जुने सागवान चिरून घेणे म्हणजे ट्रक, माल आणि नाव तिन्ही धोक्यात घालणे.

तिसरी गोष्ट वारसांची, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. वाडा आजोबांच्या नावावर, सौदा करायला येतो थोरला नातू. बाकीचे नागपूर, हैदराबाद, पुण्याला. हिंदू कुटुंबात 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. मुस्लिम कुटुंबात तर हिस्से कुरआनातच ठरलेले. पत्नी, एक मुलगा व दोन मुली असतील तर बत्तीस भागांपैकी पत्नीचे चार, मुलाचे चौदा आणि प्रत्येक मुलीचे सात. या बहिणींची सही नसताना उतरवलेला खांब दुकानात आणणे म्हणजे दुसऱ्याचा हक्क दुकानात आणणे. सूरह निसा वाचणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगायला नको, पण व्यवहारात बहिणीचा हिस्सा सर्वांत आधी विसरला जातो हेही खरे.

कागद कोणता पाहावा? ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. 2020 पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत, ती मागावी. मालक आदिवासी असेल, आणि या भागात गोंड मालगुजार व जमीनदार होतेच, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 व 36अ मुळे बिगर आदिवासीला जागेचे खरेदीखत सरकारी पूर्वमंजुरीशिवाय करता येत नाही. मध्यस्थ काहीही सांगो.

मग वाडा तसाच पडू द्यायचा का? नाही. आमचे म्हणणे असे की पाडण्याच्या कामात कारागिराला पंधरा दिवसांची मजुरी मिळते. तोच वाडा दुरुस्त करायचा तर सुतार, गवंडी, लोहार यांना एका हंगामाचे काम मिळते आणि नंतर दरवर्षी देखभालीचे. पुण्याजवळ सासवडकडे जाधववाडीत पिलाजी जाधवरावांची 1710 ची गढी आज हॉटेल म्हणून चालते. आपल्याकडे एवढा पैसा कोण घालणार असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. प्रत्येक वाड्याचे हॉटेल होत नसते. पण ताडोब्याच्या वाटेवरच्या गावांत चार खोल्या नीट केलेला वाडा पाहुण्यांना देता येतो. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आले, त्याखाली नोंदणी होते. उन्हाळ्यात पारा 46-47 अंशांवर जातो तेव्हा मातीच्या भिंतीची खोली सिमेंटच्या खोलीहून किती सुसह्य असते हे येथल्या माणसाला सांगावे लागत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या लगत मात्र पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध आहेत, ते आधी विचारून घ्यावेत.

दुरुस्तीचे काम वेगळे असते, हे आपल्या तरुण गवंड्यांनी समजून घ्यावे. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि दोन-तीन वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे मातीसह सुटतात. तेथे चुनाच हवा, भिजवून मुरवलेला. सडलेल्या बुडासाठी पूर्ण खांब बदलू नये. वरची तुळई टेकूवर धरून सडका भाग कापावा, नवे सागवान तिरक्या जोडाने बसवावे आणि खाली दगडी तळखडा उंच करावा. हे जोडकाम येणारे वयस्क सुतार आता थोडे राहिले आहेत. त्यांच्या हाताखाली एखादा मुलगा ठेवला तर त्याला फर्निचरच्या दुकानात शिकून मिळणार नाही अशी विद्या मिळेल.

नव्या मालाची गरज पडेलच. त्यासाठी वनखात्याच्या व 1974 मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाच्या डेपोंतील लिलाव आहेत. बल्लारपूरचे सागवान दिल्लीच्या नव्या संसद भवनापर्यंत गेले, तेव्हा प्रतीबद्दल शंका नको. लिलावाची पावती व वाहतूक पास कामाच्या फाइलीत जपून ठेवावा, म्हणजे जुने व नवे लाकूड कोणते हे पुढे दाखवता येते.

कामाचा ठराव लिहूनच करावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकरात आहेच. उतरलेले जुने लाकूड कोणाचे, मालकाचे की ठेकेदाराचे, हे पहिल्याच ओळीत असावे. बहुतेक भांडणे त्यावरूनच होतात.

हंगामाचाही हिशेब आहे. धानाची कापणी-मळणी आटोपली की मजूर मोकळे होतात आणि मृग लागण्यापूर्वी कवेलू परत चढलेले हवे. वारसांच्या सह्या, वनखात्याचा कागद आणि लिलावाचे लाकूड यांना वेळ लागतो. म्हणून या उन्हाळ्यात काम करायचे असेल त्यांनी बोलणी पावसाळा सरताच सुरू करावीत.