प्रकाशोपचारातील रेणूंचा सहवास

ॲक्रिडिनच्या विद्रावातील पॅरामीशियम हे सूक्ष्म जीव उजेडात लवकर मरतात, अंधारात दीर्घकाळ तगतात, असे म्यूनिक येथे ऑस्कर राब या विद्यार्थ्यास १९०० च्या सुमारास आढळले. कर्करोगावरील प्रकाशोपचाराचे मूळ या निरीक्षणात आहे. रुग्णास पॉर्फिरिन-वर्गातील द्रव्य टोचून अर्बुदावर तांबडा प्रकाश टाकला असता ते द्रव्य ऊर्जा लगतच्या ऑक्सिजनला देते, आणि उत्तेजित ऑक्सिजन पेशींचा नाश करतो.

अडचण येते ती पाण्याची. पॉर्फिरिनचे रेणू बहुधा चपटे व जलद्वेषी. रक्तासारख्या जलमय माध्यमात ते भाकऱ्यांच्या चवडीप्रमाणे एकावर एक बसतात. चवडीत शोषलेली ऊर्जा बव्हंशी उष्णतारूपाने वाया जाते. सायक्लोडेक्स्ट्रिन हे सहा, सात किंवा आठ ग्लुकोज-घटकांचे कडे येथे उपयोगी पडते. त्याची पोकळी जलद्वेषी, बाह्यांग जलस्नेही. पॉर्फिरिनच्या कडेची वलये पोकळीत शिरली की रेणू सुटे राहतात. हे मीलन क्षीण आकर्षणांचे असते. अशा मीलनांचा अभ्यास करणारे ते अधिरेणवीय रसायनशास्त्र.

तथापि चवड सर्वथा त्याज्य नव्हे. फोटोफ्रिन घेतलेल्या रुग्णास निदान ३० दिवस उन्हापासून जपावे लागते, कारण द्रव्य त्वचेतही रेंगाळते. रेणू वाटेत चवडीत निष्क्रिय राहून अर्बुदातच सुटे झाले, तर हा जाच पुष्कळ कमी होईल. कड्याबाबत मात्र एक पेच उरतो: रक्तात विद्राव विरळ होताच मीलन सुटू लागते, आणि कोलेस्टेरॉलसारखा आगंतुकही पोकळी बळकावतो.