रेल्वेचे गणित, घोड्यांची शर्यत

‘एआय’च्या मदतीने शर्यतीतला विजेता घोडा आधीच ओळखा, अशा जाहिराती हल्ली मोबाइलवर हमखास दिसतात. या दाव्यामागे एक खरी गोष्ट आहे आणि ती चाळीस वर्षे जुनी आहे. मात्र त्या गोष्टीतल्या संगणकाने विजेता कधीच सांगितला नाही. तो प्रत्येक घोड्याची शक्यता मोजायचा आणि लोकांनी लावलेल्या पैशाशी ताडून पाहायचा.

पिट्सबर्गचा बिल बेंटर ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजण्यात तरबेज होता. लास वेगासच्या कॅसिनोंनी दारे बंद केल्यावर, १९८०च्या दशकाच्या मध्यावर, तो ॲलन वूड्स या ऑस्ट्रेलियन जोडीदाराबरोबर हाँगकाँगला गेला. जागा अचूक निवडली होती. हॅपी व्हॅली आणि शा टिन ही दोनच मैदाने, त्यांवर पुन्हा पुन्हा धावणारे तेच घोडे आणि पैशांची उलाढाल अवाढव्य. पाठीवरचे वजन, अंतर, जॉकी, मागच्या शर्यतींतला क्रम अशा नोंदी संगणकात भरल्या गेल्या. तरीही सुरुवातीला भांडवलाचा मोठा भाग बुडाला.

बेंटरच्या पुढच्या यशाची कहाणी सगळे सांगतात. त्याचे सूत्र आले कुठून, हे सहसा राहून जाते. ते आले सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘बार्ट’ रेल्वेच्या वाटेने! ही रेल्वे सुरू होण्याआधी अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांना एक प्रश्न पडला होता: मोटार, बस आणि रेल्वे यांतून माणूस काय निवडेल? त्यांनी प्रत्येक पर्यायाला वेळ, खर्च आदींवरून गुण दिले आणि त्या गुणांचे रूपांतर शक्यतांत केले. सगळ्या शक्यतांची बेरीज नेहमी एक. अधिकृत अंदाज १५ टक्के प्रवाशांचा होता, मॅकफॅडन यांचा ६.३ टक्के, प्रत्यक्षात आले ६.२ टक्के. २००० साली त्यांना नोबेल मिळाले.

१९८६ मध्ये रूथ बोल्टन आणि रँडल चॅपमन या संशोधकांनी हेच गणित २०० शर्यतींना लावले. प्रवासी वाहन निवडतो, तशी शर्यत विजेता ‘निवडते’, ही त्यांची कल्पना. किती देखणी! एक घोडा आयत्या वेळी बाद झाला, की उरलेल्या सगळ्यांच्या शक्यता आपोआप बदलतात. बेंटरला हवे होते ते नेमके हेच. बोल्टन यांचे नाव मात्र या कहाणीत क्वचितच ऐकू येते.

बेंटरने त्यात स्वतःची मोलाची भर घातली. टोटवर सर्वांचे पैसे एकत्र जमतात, शर्यत भरवणारा क्लब आपला वाटा कापतो आणि उरलेले विजेत्यांत वाटले जातात. समजा, शंभरातले साडेसतरा रुपये कापले गेले आणि एका घोड्यावर एकूण पैशाचा पाव हिस्सा लागला आहे. तो जिंकला तर रुपयाला ३ रुपये ३० पैसे मिळतील. प्रारूप म्हणते, त्याच्या जिंकण्याची शक्यता ४० टक्के आहे. बेल लॅब्सच्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या सूत्राने भांडवलाचा सुमारे १४ टक्के भाग लावावा लागेल. पण सकाळच्या सरावात घोडा लंगडला, हे आकड्यांना कळत नाही; पागेतल्या माणसांना कळते आणि त्यांचा पैसा टोटवर उतरतो. म्हणून बेंटरने प्रारूपाचा अंदाज आणि लोकांचा कल एकाच समीकरणात गुंफला. मिश्र अंदाज समजा ३२ टक्के निघाला, तर लावायची रक्कम अडीच टक्क्यांच्याही खाली येते. या फरकात माणूस बुडतो किंवा तरतो. शिवाय आपण मोठी रक्कम लावली, की आपलाच डिव्हिडंड, म्हणजे रुपयामागे मिळणारी रक्कम, घसरतो. म्हणून उलाढाल प्रचंड हवी.

या कसोटीवर मोबाइलवरचे दावे टिकत नाहीत. भारतात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले. पण कौशल्यालाही आकडेमोड चुकत नाही. सप्टेंबर २०२५ पासून शर्यतीवरच्या बेटिंगला ४० टक्के जीएसटी आहे. वरच्या उदाहरणात, ३२ टक्क्यांच्या अंदाजाने, रुपयामागे सारा फायदा होता सुमारे साडेपाच पैशांचा.

बेंटरने आपली पद्धत १९९४ मध्ये एका शोधग्रंथात उघड केली. त्याच ग्रंथात चॅपमन यांचाही लेख आहे: हाँगकाँगच्या २००० शर्यतींवरचा, आणि शीर्षकातच सांगणारा की शर्यतीतल्या नफ्याचा शोध अजून चालू आहे.