उंदीर मरतो, पिसू उरते

उंदराच्या अंगावर दिसतात त्या फक्त प्रौढ पिसवा. त्यांची अंडी केसांतून घरंगळून बिळात पडतात, अळ्या तिथल्या कचऱ्यावर आणि पिसवांच्या विष्ठेतील सुकलेल्या रक्तावर वाढतात व पुढे कोश विणतात. बीळ ओस पडले तरी कोशातली पिसू कित्येक आठवडे दम धरते आणि नव्या उंदराची ऊब किंवा हादरा जाणवताच बाहेर येते. कळपातल्या थोड्याच उंदरांवर बहुतेक पिसवा असतात, आणि बारमाही पिल्ले होत असल्याने त्यांना नवे यजमान मिळत राहतात.

पिसूच्या या चिवटपणाची किंमत पुणे परिसराने प्लेगात मोजली. 1896 साली मुंबईत आलेली साथ लवकरच पुण्यात पोहोचली. घरझडत्या झाल्या, सामान जाळले गेले, माणसे छावण्यांत हलवली गेली. या जुलमाच्या संतापातून चिंचवडच्या चापेकर बंधूंनी 22 जून 1897 रोजी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. पण पिसूकडे कोणाचेच लक्ष नव्हते, कारण तिचा संबंधच ठाऊक नव्हता. पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत तो दाखवला. 1905 पासून मुंबईत परळला झालेल्या प्रयोगांनी तो पक्का केला. प्लेगचे जंतू पिसूच्या जठराचे तोंड बुजवतात. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्यात जंतू सोडते.

घरउंदीर या रोगाने पटापट मरतो, म्हणून ‘उंदीर पडू लागले’ ही गावोगावी धोक्याची खूण ठरली. रानातल्या जर्बिलसारख्या काही जाती मात्र संसर्ग बऱ्याच अंशी पचवतात. माणसांतली साथ ओसरल्यावरही जंतू त्यांच्या बिळांत टिकू शकतो. 1994 साली बीड जिल्ह्यातील मामला गावात दशकांच्या शांततेनंतर प्लेगसदृश रुग्ण आढळले, त्याआधी तिथे पिसवांचा उपद्रव वाढला होता.

पुण्याजवळच्या चाकण पट्ट्यातही शेत, गोदाम आणि वसाहत एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे शेतउंदीर, घूस आणि घरउंदीर यांच्यात पिसवांची देवाणघेवाण सोपी होते. उंदीर मेला की त्याच्या पिसवा थंड पडलेले अंग सोडून मिळेल त्या उबदार प्राण्याकडे वळतात, माणसाकडेही. उंदीर पडू लागलेल्या ठिकाणी आधी बिळांत आणि वाटांवर कीटकनाशक भुकटी टाकावी, उंदरांचे विष त्यानंतरच, आणि मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नये.