स्वतंत्र नोंद

नोंदीचे मोल आपणा डॉक्टर मंडळींना निराळे सांगावयास नको. मूल जन्मते, रडते, दूध पिते; परंतु नोंदवहीत त्याचे नाव चढेपर्यंत सरकारदरबारी ते जन्मलेलेच नसते. व्यक्तीची जी गत, तीच समाजाची. जगाच्या मेळ्यात आपले नाव दुसऱ्याच्या नावाखाली दडून न राहता वेगळे पुकारले जावे, ही आकांक्षा लहानमोठ्या प्रत्येक समाजाला असते. येळ्ळूरसारख्या गावी दवाखाना चालविणाऱ्या मला हा विषय केवळ पुस्तकी वाटत नाही. ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ या आपल्या गावच्या फलकाचे जुलै २०१४ मध्ये काय झाले, हे वाचकांना ठाऊकच आहे. फलक ही सुद्धा एक नोंदच होती.

नावाची ही ओढ गाण्यापर्यंतही पोचते. युरोपात १९५६ पासून ‘युरोव्हिजन’ नावाची गीतस्पर्धा भरते. वरवर पाहता ती देशादेशांची चुरस. परंतु प्रवेशिका पाठविण्याचा हक्क असतो तो युरोपीय प्रसारण संघाच्या सभासद वाहिन्यांना. ब्रिटनची प्रवेशिका बीबीसीकडे, म्हणून वेल्स आणि स्कॉटलंड यांना तेथे वेगळे नाव नाही. वेल्सच्या लोकांनी १९६९ साली स्वतःच्या भाषेतील गीतस्पर्धा सुरू केली, ती युरोव्हिजनला आपले गाणे जावे याच आशेने. ती आशा फळली नाही. स्पर्धा मात्र रुजली. पुढे एस-फोर-सी ही वेल्श भाषेची वाहिनी निघाली आणि तिच्या द्वारे २०१८ साली मिन्स्क येथील मुलांच्या युरोव्हिजनमध्ये ‘वेल्स’ हे नाव प्रथमच स्वतंत्रपणे पुकारले गेले. वीस देशांत त्यांचा क्रमांक विसावा आला! तरीही दुसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा मूल पाठविले. बेल्जियमची तऱ्हा याहून निराळी. देश एक, भाषा मुख्यतः दोन. म्हणून एका वर्षी डच भाषकांची वाहिनी गाणे निवडते, तर दुसऱ्या वर्षी फ्रेंच भाषकांची. पाळी ठरलेली असल्याने भांडणाला जागा उरत नाही.

हे सारे दूरदेशीचे झाले. परंतु अशा स्वतंत्र नोंदीसाठी झालेल्या एका थोर खटपटीत आपल्या बेळगावचा एक माणूस अग्रभागी होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्याचे नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले. स्पर्धा गाण्याची नव्हती, धावण्याची होती. प्रश्न मात्र हाच होता.

पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा संस्थेच्या क्रीडास्पर्धा पाहत होते. धावणारे बहुतेक खेड्यापाड्यांतील, शेतकरी घरांतील तरुण. अनवाणी धावणारे, शास्त्रशुद्ध सरावाचा गंध नसलेले. तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्यांनी दिलेली वेळ दोराबजींना युरोपातील धावपटूंच्या वेळेजवळ जाणारी वाटली. ही मुले ऑलिंपिकला का जाऊ नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्यापाशी त्यांनी तो बोलून दाखविला, आणि लॉईड यांच्या मध्यस्थीने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी हिंदुस्थानला वेगळा संघ पाठविण्याची मान्यता मिळाली. तत्पूर्वी १९०० साली पॅरिसमध्ये कलकत्त्याचे नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदके मिळविली होती. परंतु ते एकट्याने गेले होते, आणि ती पदके हिंदुस्थानची की ब्रिटनची, हा वाद अद्याप मिटलेला नाही. नोंद ढिली राहिली की असे होते.

देश पारतंत्र्यात. ना स्वतःचे सरकार, ना स्वतःचे निशाण. अशा स्थितीत दोराबजींनी वेगळेपणाची नुसती मागणी केली नाही. समिती उभारली, पुण्यात चाचणी घेऊन खेळाडू निवडले, लोकांपुढे हात पसरला आणि स्वतःच्या खिशातूनही भर घातली. चार धावपटू व दोन मल्ल असा सहा जणांचा संघ बोटीने रवाना झाला. त्यातील मल्ल रणधीर शिंदेस यांचा आपल्या वजनगटात चौथा क्रमांक आला. कांस्यपदक थोडक्यात हुकले. कुस्तीच्या मैदानावर जीव टाकणाऱ्या येळ्ळूरकरांनी हे नाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

२२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन झाली. अंतर होते ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनहून अर्ध्या किलोमीटरने अधिक. चौगुले यांनी ते २ तास ५० मिनिटांत तोडले आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला. शर्यत जिंकली फिनलंडच्या हानेस कोलेहमाइनेन याने. या विजेत्याची कथाही आपल्या विषयाशी निगडित आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने तीन सुवर्णपदके मिळविली होती. तेव्हा फिनलंड रशियन साम्राज्यात होता. संघाला वेगळे नाव मिळाले होते, परंतु विजयानंतर काठीवर चढला तो रशियाचा झेंडा. फिनलंड १९१७ साली स्वतंत्र झाला, आणि अँटवर्पला त्याच धावपटूसाठी त्याच्या स्वतःच्या देशाचा झेंडा फडकला. स्वतंत्र देशाचा तो वीर आणि आपला बेळगावकर एकाच रस्त्यावर धावत होते. एकाला नावही मिळाले होते आणि निशाणही. दुसऱ्याला तूर्त केवळ नाव.

केवळ नावाने काय साधते, असे कोणी म्हणेल. नोंद म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हे मलाही मान्य आहे. परंतु दोराबजी १९२० सालीच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले, १९२७ साली इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन झाली, आणि १९२८ साली हॉकीत हिंदुस्थानने सुवर्णपदक जिंकले. देश स्वतंत्र व्हावयास अद्याप एकोणीस वर्षे होती. राजकीय निकालाची वाट पाहत कोणी थांबले नाही, म्हणून निकाल लागला तेव्हा संस्था तयार होती.

चौगुले मराठीचे की कन्नडचे, हा वाद मी मुळीच घालणार नाही. १९२० साली बेळगाव मुंबई इलाख्यात होते, १९५६ नंतर ते ज्या राज्यात आहे ते आपण जाणतो. धावणाऱ्याची पावले मात्र त्याच मातीतली. सीमेचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला आहे, त्याचा निर्णय न्यायालय देईल. पण तोवर आपल्या मुलांची नावे कोणत्या नोंदवहीत चढावीत, हे पुष्कळसे आपल्याच हाती आहे. माझ्या दवाखान्यात भल्या पहाटे राजहंसगडाच्या वाटेवर धावून आलेली पोरे येतात. दम चांगला असतो, रक्त मात्र कमी. कोणाकडे वयाचा दाखला नसतो, कोणाला अर्जाची मुदत माहीत नसते. मग धावण्याआधीच शर्यत हरलेली असते.

म्हणून मंडळाच्या सभासदांपुढे एक सूचना ठेवतो. चौगुले यांच्या नावाने येळ्ळूर ते राजहंसगड अशी वार्षिक शर्यत आपण भरवावी. तिला मराठी, कन्नड, उर्दू अशा सर्व शाळांतील मुलामुलींना प्रवेश असावा. प्रत्येकाची हिमोग्लोबिन व हृदय तपासणी आपण विनामूल्य करावी, दाखल्यांची कामे मार्गी लावावीत, आणि ज्याची वेळ उत्तम येईल त्याच्या पुढील स्पर्धेचा प्रवासखर्च उचलावा. नोंदवहीत प्रत्येक धावपटूचे नाव व गाव त्याच्या स्वतःच्या भाषेत लिहावे. एवढ्याला कोणाची परवानगी लागत नाही. लागतात ते चार डॉक्टर, एक टेबल आणि पहाटे उठण्याची तयारी.