पिशवीत काय आहे, हे कोणाला कळावं?

बाजारातून घरी येताना पिशवीत काय आहे, हे आपण रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला दाखवत नाही. मग मोबाइलवर खरेदी करताना ही काळजी का घेऊ नये?

२००७ मध्ये फेसबुकने ‘बीकन’ नावाची सोय सुरू केली. तुम्ही दुसऱ्या एखाद्या वेबसाइटवर काही विकत घेतलं, की त्याची बातमी फेसबुकवरच्या मित्रमंडळींना आपोआप जायची. अमेरिकेत एकाने बायकोला नाताळची भेट म्हणून गुपचूप हिऱ्याची अंगठी घेतली. तिच्या हाती अंगठी पडण्याआधीच ही बातमी तिच्यासह सगळ्यांना कळली. लोक संतापले, प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००९ मध्ये बीकन बंद झालं.

आता खरेदीची अशी जाहीर दवंडी पिटली जात नाही. पण अनेक दुकानांच्या ॲपमध्ये आणि वेबसाइटवर सोशल मीडिया कंपन्यांचा छोटा प्रोग्राम बसवलेला असतो. तुम्ही काय पाहिलं, काय घेतलं, हे तो त्या कंपन्यांना कळवतो. म्हणूनच सकाळी पाहिलेला पाळणा संध्याकाळी इन्स्टाग्रामवर जाहिरात होऊन समोर येतो. खरेदीवरून घरातलं बाळंतपण, आजारपण, पैशांची ओढाताण असं बरंच काही ओळखता येतं.

बेंगळुरूचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. फ्लिपकार्ट, मिंत्रा, बिगबास्केट, मीशो या कंपन्या याच शहरातल्या. मीशो वाढली तीच व्हॉट्सॲपवर ओळखीच्यांना साड्या-कपड्यांचे फोटो पाठवून होणाऱ्या विक्रीतून. २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याचं एका सायबर सुरक्षा कंपनीने उघड केलं, तेव्हा बेंगळुरूच्या सायबर गुन्हे शाखेत तक्रार दाखल झाली. माहिती एका ठिकाणी साठली की ती फुटण्याची भीतीही आलीच.

दुसरा संबंध अभिमानाचा. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी बेंगळुरूत राहत. २०१२ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, त्यांनी आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क आहे. मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यावर बंदीही आहे. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे.

तोवर घरच्या घरी एवढं नक्की करा:

• खरेदीच्या ॲपमध्ये फेसबुकच्या खात्यातून शिरू नका. मोबाइल क्रमांक किंवा वेगळा ईमेल वापरा.

• ॲपने फोनमधले संपर्क मागितले तर ‘नाही’ म्हणा. ते क्रमांक तुमच्या नातेवाइकांचे आहेत, त्यांना कोणी विचारलेलं नाही.

• फेसबुक-इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये, इतर ॲप आणि वेबसाइटकडून आलेली तुमची माहिती पाहता येते. ती पुसा आणि पुढची जोडणी बंद करा.

• पार्सलवरचं नाव-पत्ता फाडून मगच खोका टाका. पार्सलचे फोटो टाकताना पत्ता झाका.

अर्ध्या तासाचं हे काम आहे. रविवारी चहा झाल्यावर आजी-आजोबांचे आणि मुलांचे फोनही हाती घ्या.